फोटोत न येणारा तलाव

सोलापूरला प्रथमच गेलेला माणूस सिद्धेश्वर तलावाचा फोटो काढल्याशिवाय सहसा परतत नाही. पाणी, पाण्याने वेढलेले ग्रामदैवताचे मंदिर आणि शेजारी भुईकोट किल्ल्याची तटबंदी असे हे दृश्य आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते फार सुरेख दिसते. आम्हीही हा फोटो अनेकदा काढला आहे.

मध्यंतरी घरातले जुने फोटो लावून ठेवताना या तलावाचे दोन फोटो हाती आले. दोन्ही घाटाच्या जवळजवळ एकाच जागेवरून घेतलेले. एकात पाण्याच्या वर पाच पायऱ्या दिसतात, दुसऱ्यात अकरा. म्हणजे दोहोंच्या दरम्यान पाण्याच्या पातळीत सहा पायऱ्यांचा फरक आहे. हा फरक पावसाळा आणि उन्हाळा यांचा, की चांगले वर्ष आणि दुष्काळी वर्ष यांचा? आधीचा फोटो कोणता आणि नंतरचा कोणता? फोटोंच्या मागे आमच्याच अक्षरात एकच शब्द होता : ‘सोलापूर’. तारीख नाही, महिना नाही, वर्षही नाही. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने तारीख न घालता नोंद केली तर आम्ही त्याला परत पाठवतो. येथे तीच चूक आम्ही स्वतः केली होती.

त्या दोन फोटोंमुळे आम्ही पुन्हा तलावावर गेलो. या वेळी फोटोत काय येते यापेक्षा काय येत नाही हे पाहायचे ठरवले होते.

तलाव कोणी आणि कशासाठी केला?

हा तलाव निसर्गनिर्मित नाही. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांनी तो करवला अशी परंपरा आहे. त्या काळी या गावाचे नाव सोन्नलिगे किंवा सोन्नलगी असे होते. सिद्धराम हे महात्मा बसवेश्वरांचे समकालीन होते. त्यांची कन्नड वचने ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रेने संपतात. कवी राघवांक याने त्यांच्यावर ‘सिद्धरामचरित्र’ हे कन्नड काव्य रचले. त्यात आणि वीरशैव परंपरेतील इतर ग्रंथांत तलावाच्या खोदकामाला महत्त्वाचे स्थान आहे. अल्लमप्रभू सोन्नलिगेस आले तेव्हा सिद्धराम तलावाच्या कामात गुंतलेले होते, अशी कथा सांगतात. अल्लमांनी त्यांना माती खोदणारा वड्डर म्हणून हिणवले आणि बाहेरच्या तळ्यापेक्षा आतल्या साधनेचा प्रश्न विचारला. पुढे दोघांत मोठा संवाद झाला आणि सिद्धराम अल्लमांसह कल्याणला गेले.

कथा म्हणून ती जशी आहे तशी घ्यावी. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्यातली एक गोष्ट टिपून ठेवावी. एका संताला त्याच्या काळातले लोक माती खोदणारा म्हणून ओळखत होते, आणि ती ओळख त्याच्या अनुयायांनी ग्रंथांतून लपवली नाही. त्या काळी तलाव म्हणजे पाहण्याची वस्तू नव्हती. तो माणसांना आणि जनावरांना जगवणारे एक काम होता. आजच्या फोटोत पाणी येते, मंदिर येते. कुदळ आणि पाटी घेऊन राबलेली माणसे त्यात येत नाहीत.

पाण्याचा हिशेब

फोटोत न येणारी दुसरी गोष्ट म्हणजे पाणलोट, अर्थात ज्या जमिनीवर पडलेला पाऊस वाहत तलावात येतो ती जमीन. तिची गरज किती असते हे सातवी-आठवीच्या वर्गातही काढता येईल. आकडे ढोबळ घेऊ, रीत महत्त्वाची.

सोलापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. सह्याद्रीवर पाऊस सांडून आलेले वारे येथे पोहोचतात तेव्हा त्यांच्यात फारशी वाफ उरलेली नसते. येथे सर्वाधिक पाऊस जून-जुलैत न पडता सप्टेंबरात, मोसमी पाऊस परतू लागण्याच्या सुमारास पडतो. उदाहरणासाठी वर्षाचा पाऊस ०.६ मीटर धरू. दुसरीकडे, ऊन आणि कोरडा वारा यांमुळे अशा प्रदेशातील उघड्या तलावातून वर्षभरात दीड ते दोन मीटर जाडीचा पाण्याचा थर वाफ होऊन जातो. आपण १.८ मीटर धरू.

म्हणजे तलावावर थेट पडणाऱ्या पावसाने ०.६ मीटर भर पडते आणि १.८ मीटर उडून जाते. तूट झाली १.२ मीटरची. ही तूट पाणलोटाने भरून काढायची. मोकळ्या जमिनीवर पडलेल्या पावसापैकी एकदशांश पाणी वाहून येते असे मानले, तर पाणलोटातून ०.०६ मीटर मिळेल. १.२ ला ०.०६ ने भागा. उत्तर २०. कोणी एक घागरही पाणी नेले नाही आणि तळाशी काहीही झिरपले नाही असे गृहीत धरूनसुद्धा, तलावाच्या वीसपट जमीन त्याला पाणी देत असली पाहिजे.

तलावाची जागा निवडणाऱ्याला हा भागाकार येत नसेल, पण जमिनीचा उतार आणि पावसाळ्यातले ओघळ यांचे ज्ञान नक्कीच होते. त्याशिवाय सोलापूरसारख्या ठिकाणी तलाव शतकानुशतके टिकत नाही. कोणत्याही जुन्या तलावाचा खरा आकार त्याच्या पाण्याच्या कडेपाशी संपत नाही. तो पाणलोटाच्या माथ्यापर्यंत पसरलेला असतो.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. पाणलोटावर घरे, रस्ते आणि फरशा आल्या की पाणी मुरत नाही. एकदशांशाच्या जागी निम्म्याहून अधिक पाऊस वाहून येऊ शकतो. पण ते पाणी रस्ते धुऊन येते. आणि सोलापूरच्या हवेत एखादा तलाव भर मे महिन्यातही काठोकाठ राहत असेल, तर आनंद मानण्याआधी एक प्रश्न विचारावा : पाऊस नसताना हे पाणी येते कोठून? झरा असेल, बाहेरून सोडलेले पाणी असेल किंवा सांडपाणी असेल. फोटोत तिन्ही सारखीच चमकतात.

किल्ला आणि खंदक

तलावाला लागून असलेला भुईकोट किल्ला चौदाव्या शतकातला, बहमनी काळातला मानला जातो. म्हणजे तो तलावापेक्षा नंतरचा. डोंगरी किल्ल्याला कडा राखतो. सपाट जमिनीवरच्या किल्ल्याला ते काम तट, खंदक आणि पाणी यांच्याकडून करून घ्यावे लागते. सोलापूरच्या किल्ल्याला दुहेरी तट आहे, जमिनीच्या बाजूला खंदक आहे आणि पूर्वेला तलाव. गाव जगवण्यासाठी केलेले पाणी दोन शतकांनी संरक्षणाच्याही उपयोगी पडले. मे १८१८ मध्ये मन्रोच्या फौजेने पेशव्यांच्या सैन्याकडून हा किल्ला घेतला. त्यानंतर त्याचे लष्करी महत्त्व ओसरत गेले आणि तलावाचे राखणदारीचे कामही संपले.

तलावाचे मुख्य काम सुटले

गाव मात्र वाढत होते. १८५२ मध्ये येथे नगरपालिका आली, १८६० मध्ये रेल्वे पोहोचली आणि १८७७ मध्ये कापडाची गिरणी उभी राहिली. गावातल्या तलावावर आणि विहिरींवर एवढी वस्ती भागणे कठीण होते. शहराच्या उत्तरेला अदिला नदीवर १८७१ मध्ये एकरुखचे मातीचे धरण पुरे झाले. ते सुमारे साडेएकवीस मीटर उंच आणि दोन किलोमीटरहून अधिक लांब आहे. सोलापूरकर त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतात. तुळजापूरच्या रस्त्याने जाताना तो दिसतो. त्याचे पाणी शेतीला आणि शहरालाही मिळू लागले. पुढच्या शतकात, १९८० मध्ये, भीमेवर उजनीचे धरण झाले आणि शंभरएक किलोमीटर अंतरावरून नळाने पाणी आणता येऊ लागले.

या प्रत्येक टप्प्यावर पाण्याचा साठा मोठा होत गेला आणि गावापासून दूर गेला. घरासमोरच्या तलावात कोणी घाण टाकली तर पूर्वी ती संध्याकाळी आपल्याच घागरीत येत असे. नळ आल्यावर हा संबंध तुटला. तलाव पवित्र राहिला, सुंदरही राहिला, पण पिण्याचा राहिला नाही. आमच्या मते सिद्धेश्वर तलावाच्या अलीकडच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची घटना आहे. तिला एक तारीख देता येत नाही, म्हणून ती इतिहासाच्या पुस्तकात येत नाही. महाराष्ट्रातल्या शेकडो गावतळ्यांची हकीगत हीच आहे. तलाव कामाचा न राहता देखाव्याचा झाला की त्याच्याकडे पाहणारे वाढतात, पण त्याची चौकशी करणारे कमी होतात.

पहाटेची वेळ

छायाचित्रकार तलावावर पहाटे जातात. वारा नसतो, पाणी आरशासारखे असते, ऊन तिरपे आणि पिवळसर असते. आम्हीही त्याच वेळी गेलो होतो. पण तलावातल्या माशांच्या दृष्टीने चोवीस तासांतली सर्वांत कठीण वेळ हीच असते.

निर्माल्य, पीठ, साबण, सांडपाणी यांतून नायट्रोजन आणि फॉस्फरसची संयुगे पाण्यात येतात. हे शेवाळाचे खत आहे. शेवाळ वाढले की पाणी हिरवे दिसते, कारण हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेते. दिवसा हेच शेवाळ प्रकाशसंश्लेषण करून पाण्यात ऑक्सिजन सोडते. रात्री प्रकाश नसतो, पण श्वसन चालूच राहते. शेवाळ, मासे आणि तळाचा कुजणारा गाळ कुजवणारे जीवाणू असे सारे मिळून ऑक्सिजन वापरत राहतात. मुळात पाण्यात ऑक्सिजन विरघळतोच थोडा. ३० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे साडेसात मिलिग्रॅम इतकाच. पाणी जितके गरम तितका तो कमी. रात्रभरच्या वापरानंतर सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, मासे खेळत आहेत. खरे म्हणजे ते गुदमरत असतात. शहरांतल्या तलावांत मासे मेल्याच्या बातम्या येतात तेव्हा मृत मासे बहुधा सकाळी आढळतात, याचे एक मोठे कारण हे आहे.

सिद्धेश्वर तलाव या दुखण्यातून सुटलेला नाही. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत त्याचा समावेश करावा लागला होता. अशा योजनांत गाळ काढणे, सांडपाणी वळवणे आणि पाण्यात हवा खेळवणे असे उपाय असतात. त्यांपैकी पहिल्या दोन उपायांनी रोगाचे कारण कमी होते. तिसऱ्याने रोग्याला श्वास घेता येतो, एवढेच.

फोटोची नोंद कशी होते?

आता पुन्हा आमच्या दोन फोटोंकडे वळू. फोटो हे मोजमापाचे साधन होऊ शकते, हा विचार जुना आहे. बव्हेरियातील गणिती सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस आल्प्समधील हिमनद्यांचे ठरावीक जागांवरून फोटो घेण्यास सुरुवात केली. नंतरच्या संशोधकांनी त्याच जागांवरून पुन्हा फोटो घेतले आणि हिमनद्या किती मागे सरकल्या हे मोजले. अट एकच : जागा, दिशा, वेळ आणि तारीख यांची नोंद हवी.

सोलापूरच्या बाबतीत एक अनपेक्षित सोय आहे. मकरसंक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त सात नंदीध्वज घेऊन निघतात. शहराभोवती सिद्धरामांनी स्थापिल्याचे मानले जाणाऱ्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. सोलापुरातील कित्येक घरांत या यात्रेचे जुने फोटो असतील, आणि काहींच्या मागे कोठेतरी तलावही असेल.

या फोटोंचे महत्त्व असे. आपले बहुतेक सण चांद्र तिथीने येतात, त्यामुळे इंग्रजी तारखेप्रमाणे ते पुढेमागे होतात. संक्रांत सौर आहे. ती दरवर्षी १४ जानेवारीच्या आसपास येते आणि सुमारे सत्तर वर्षांत एखाद्या दिवसानेच सरकते. म्हणून फोटोत नंदीध्वज आणि बाराबंदी दिसली की महिना आणि जवळजवळ दिवसही ठरतो. सूर्यही दरवर्षी त्याच मार्गाने जात असतो. सोलापूरचा अक्षांश सुमारे १७.७ अंश उत्तर. संक्रांतीच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे २१.४ अंश दक्षिणेस असतो. ९० मधून दोन्ही वजा केले की मध्यान्हीच्या सूर्याची उंची सुमारे ५१ अंश येते. दोन मीटरच्या काठीची सावली त्या वेळी सुमारे १.६ मीटर पडेल. याउलट मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सोलापूरच्या डोक्यावर येतो आणि मध्यान्ही उभ्या काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. फोटोतल्या सावल्यांवरून ऋतूचा अंदाज बांधता येतो तो असा.

आम्ही भिंग घेऊन बसलो. पाच पायऱ्यांच्या फोटोत काठाशी बाराबंदीतली दोन माणसे निघाली. म्हणजे तो बहुधा यात्रेच्या दिवसांतला, पावसाळा संपून तीनएक महिने झालेले असतानाचा. अकरा पायऱ्यांच्या फोटोत माणसांच्या सावल्या अगदी पायांशी आखडलेल्या होत्या. म्हणजे तो उन्हाळ्यातला आणि भर दुपारचा असावा. महिने बरेचसे उलगडले. वर्षे उलगडली नाहीत, आणि वर्षांशिवाय दुष्काळाबद्दल काही म्हणता येत नाही. जी माहिती दोन सेकंदांत लिहिता आली असती ती आता कोणत्याही भिंगाने मिळणार नाही.

शाळांसाठी एक उपक्रम

आपल्या गावच्या तलावाची नोंद शाळेला सहज ठेवता येईल. मोठ्यांच्या देखरेखीखाली, कठड्याच्या आत उभे राहता येईल अशी एक जागा ठरवा. शेवाळलेल्या पायऱ्यांवर विद्यार्थ्यांना उतरू देऊ नका. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळी, त्याच जागेवरून फोटो घ्या. चौकटीत एखादी न हलणारी खूण येऊ द्या, म्हणजे मंदिराचा कोपरा किंवा बुरूज. पाण्यावर किती पायऱ्या दिसतात ते मोजून वहीत लिहा. मोबाइलमध्ये तारीख आपोआप नोंदली जाते हे खरे, पण फोटो एकाकडून दुसऱ्याकडे पाठवताना ती अनेकदा गळून पडते. म्हणून वही हवीच.

पाण्याच्या रंगाची तुलना करताना थोडी काळजी घ्यावी. पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर ते फक्त दोन टक्के प्रकाश परावर्तित करते, म्हणून पायाजवळचा तळ दिसू शकतो. नजर पृष्ठभागाशी दहा अंशांइतकी तिरपी झाली की परावर्तन पस्तीस टक्क्यांपर्यंत जाते आणि पाण्याऐवजी आकाश दिसू लागते. दूरच्या पाण्याचा निळा रंग हा पाण्याच्या स्वच्छतेचा पुरावा नव्हे. रंग पाहायचा तर जवळच्या पाण्याचा, कॅमेरा दरवेळी सारखाच झुकवून आणि चौकटीत एक पांढरा कागद ठेवून पाहावा.

गढूळपणा मोजण्यासाठी सेक्की यांची तबकडी करता येईल. इटलीतील खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजले. तलावांसाठी वीस सेंटीमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची तबकडी वापरतात. जुन्या डब्याचे झाकण, रंग, वजन आणि गाठी मारलेली दोरी एवढ्यात ती तयार होते. ही तबकडी शिक्षकांनी किंवा नावाड्याने पाण्यात सोडावी.

शिवाय विद्यार्थ्यांना घरचे जुने फोटो शोधायला सांगा. त्यांत आजी-आजोबा असतील, यात्रा असेल, आणि मागे नकळत टिपली गेलेली पाण्याची पातळी असेल. फोटोतल्या माणसांपैकी कोणी हयात असेल तोवर वर्ष विचारून फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून घ्यावे. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

आम्ही या वेळी घेतलेल्या फोटोच्या मागे तारीख, वेळ, जागा आणि उघड्या पायऱ्यांची संख्या लिहिली आहे. पुढच्या संक्रांतीला त्याच जागी पुन्हा उभे राहायचे ठरवले आहे.